खाऱ्या हवेतली काळी सायकल : फ्रेम पुन्हा रंगवण्याच्या नोंदी

28 जुलै 2024, रत्नागिरी

अप्पांची सायकल आज माळ्यावरून खाली उतरवली. वरळीच्या 'हिंद सायकल्स' कारखान्यात तयार झालेली ही चोवीस इंची काळी सायकल अप्पांनी 1968 साली, नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षी, घेतली आणि निवृत्त होईपर्यंत रोज चालवली. संसदेने 1980 साली कायदा करून तो कारखाना सरकारकडे घेतला, पुढे तो बंद पडला, आणि त्यामुळे ही फ्रेम खराब झाली तर तिच्या जागी दुसरी आणता येणार नाही. अप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांची अपेक्षा एवढीच आहे की सायकल पुन्हा काळी व्हावी आणि तिच्यावरच्या सोनेरी रेघा परत दिसाव्यात.

गेल्या पंधरा वर्षांत या फ्रेमला तीन वेळा रंग दिला गेला आणि तिन्ही वेळा दुसरा पावसाळा संपण्याच्या आत तो पापुद्र्यांनी सुटला. आमचे घर मांडवीच्या समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खिडक्यांचे गज, गॅसची शेगडी, पंख्याची पाती, सगळ्यांवर खाऱ्या हवेचा परिणाम दिसतो. म्हणून या वेळी रंगाच्या दुकानात जाण्याआधी रंग नेमका कोठून आणि कशामुळे सुटतो हे पाहायचे मी ठरवले आहे. किनाऱ्यालगत राहणाऱ्या ज्यांना हेच काम करायचे असेल त्यांच्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

4 ऑगस्ट

सुटे भाग काढण्यात दोन रविवार जातील असे वाटले नव्हते. क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, ज्या कॉटर पिनने, म्हणजे पाचरीसारख्या खिळ्याने, अडकवलेली असते ती पिन पन्नास वर्षांच्या गंजाने जागच्या जागी धरली होती. मी तिच्यावर नुसता हातोडा मारला आणि पिनेचे डोके मशरूमसारखे पसरले. सायकलच्या दुकानातल्या मिस्त्रींनी नंतर सांगितले की क्रँकच्या खाली, पिनेच्या बाजूने, लोखंडी पाइपाचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवायचा आणि मग वरून एकच जोरदार घाव घालायचा, म्हणजे घावाचा जोर छऱ्यांवर न जाता पिनेवर जातो. आदल्या रात्री भेदक तेल सोडून ठेवले आणि त्यांच्या पद्धतीने दुसरी पिन तिसऱ्या घावाला निघाली. पहिली मात्र ड्रिलने कोरून काढावी लागली.

दुसरी चूक बी. बी.ची, म्हणजे पेडलचा आस ज्या आडव्या नळीत बसतो तिची. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला तर सुटतो. मी तासभर तो उलट घट्टच करत होते. ज्यांना फ्रेम पूर्ण मोकळी करायची आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे, कारण हा कप आत ठेवून रंग दिला तर गंजाचे सगळ्यात वाईट ठिकाण रंगाबाहेरच राहते. तो कप निघाल्यावर आतून सुमारे दोन चमचे लाल भुकटी आणि ओलसर चिखल बाहेर पडला. दांडा आणि सीटची नळी यांत शिरलेले पाणी खाली येऊन इथेच साचत होते आणि त्याला निघायला वाट नव्हती.

15 ऑगस्ट

सुटीचा दिवस असल्यामुळे जुना रंग काढायला घेतला. डब्यातला पेंट रिमूव्हर ब्रशने जाड लावून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि वीस मिनिटांनी लाकडी पट्टीने खरवडला. रबरी हातमोजे घातले होते, परंतु मनगटाजवळ थेंब उडाला आणि तिथे लगेच आग झाली. हे काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन आणि डोळ्यांना चष्मा लावूनच करावे.

थर उलगडत गेले तसा या फ्रेमचा इतिहास वाचता आला. सर्वांत वर ब्रशने दिलेला काळा एनॅमल, त्याखाली रेड ऑक्साइड, म्हणजे लाल प्रायमर (रंगाखालचे अस्तर), त्याखाली पुन्हा एनॅमल, मग एक हिरवा थर, आणि तळाशी कारखान्यातला मूळ काळा मुलामा, जो भट्टीत भाजून पक्का केलेला असे. वरचे थर पट्टी लावताच सुटत होते. मूळ मुलामा मात्र जिथे शिल्लक होता तिथे रिमूव्हरचे तीन हात देऊनही हलत नव्हता. हँडलच्या नळीवरची पितळी पट्टी काढली तेव्हा तिच्याखाली तळहाताएवढा भाग छप्पन्न वर्षांनंतरही आरशासारखा काळा होता आणि त्याच्या कडेला सोनेरी रेघांची जोडी होती, एक दोन मिलिमीटरची आणि तिच्या शेजारी केसासारखी बारीक दुसरी. ती जोडी मी ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतली.

यावरून एक गोष्ट नक्की झाली. नंतरचे रंग वाईट होते म्हणून सुटले असे नव्हे. प्रत्येक वेळी गंज खरडल्यासारखा करून त्याच्यावरच रंग चढवला गेला आणि गंज खालून फुगत राहिला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि त्यामुळे वरचा थर उचलला जातो.

25 ऑगस्ट

आजची नोंद पूर्णपणे अपयशाची आहे. गणपतीपूर्वी फ्रेम तयार व्हावी या घाईने मी ओळखीच्या रंगाऱ्याचा सल्ला घेतला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हाताने घासलेल्या फ्रेमवर रेड ऑक्साइडचा एक हात, दोन दिवसांनी सिंथेटिक एनॅमलचा एक हात, आणि चकाकीसाठी शेवटी वरून डुकोची फवारणी करायची होती. डुको हे खरे तर ड्यूपाँ कंपनीने 1920 च्या दशकात बाजारात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे नाव, पण आपल्याकडच्या गॅरेजांत एन. सी. रंगाला सर्रास तेच म्हणतात. डुकोचा पहिला फवारा पडला आणि दोन मिनिटांत खालचा एनॅमल भाजलेल्या पापडासारखा फुगून सुरकुतला. एनॅमल वरून सुकलेला वाटत असला तरी आतून आठवडेच्या आठवडे मऊ असतो आणि एन. सी. थिनर इतका तीव्र असतो की तो त्या मऊ थरात शिरून त्याला उचलतो. थोडक्यात, सौम्य रंगावर तीव्र थिनरचा रंग कधीही घालू नये.

चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फाटा, मी मुद्दाम वेगळा ठेवला होता. त्याच्यावर एनॅमल न देता फक्त एन. सी. प्रायमर आणि त्यावर डुको दिला. तो सुरकुतला नाही, पण पाच मिनिटांत काळ्या रंगावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा आला. बाहेर पाऊस नव्हता, तरी हवेत पाणी भरलेले होते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर जमून थरात अडकते. रंगारी अशा वेळी सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळतात. तो मिसळून पाहिल्यावर पडदा कमी झाला, परंतु गेला नाही.

वाया गेले ते असे : रंग, थिनर आणि प्रायमर मिळून 1,140 रुपये आणि चार संध्याकाळी. सगळे पुन्हा खरवडले. पावसाळा संपेपर्यंत फ्रेमला हात लावायचा नाही असे ठरवून तिला ग्रीसचा पातळ हात देऊन घरात टांगून ठेवली.

22 सप्टेंबर आणि पुढे

विसर्जन झाल्यानंतर मोकळा वेळ मिळाला. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मुलांना प्रयोग करून पाहा असे वर्षानुवर्षे सांगत आले आणि स्वतः मात्र ऐकीव सल्ल्यावर रंग दिला, याची खंत वाटली. भंगारवाल्याकडून जुन्या सायकलींच्या नळ्यांचे पाच तुकडे आणले, सर्व सारख्या जाडीचे आणि सुमारे नऊ इंच लांब. पाचही तुकडे 80 नंबरच्या कागदाने उजळ लोखंड दिसेपर्यंत घासले, थिनरने पुसले, आणि असे रंगवले :

पहिल्यावर रेड ऑक्साइड आणि ब्रशने दोन हात एनॅमल. दुसऱ्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या डब्यांतला स्प्रे, आधी करडा प्रायमर आणि वर काळा. तिसऱ्यावर एन. सी. प्रायमर आणि डुको. चौथ्यावर झिंक फॉस्फेट असलेला दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर हार्डनर, म्हणजे रंग पक्का करणारा दुसरा घटक, मिसळून द्यायचा पी. यू. (पॉलियुरेथेन) रंग. पाचवा तुकडा भावाबरोबर कोल्हापूरला पाठवून तिथल्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी बसवून भट्टीत भाजण्याचे काम, करून घेतला.

चौथा तुकडा दोनदा करावा लागला. पहिल्या वेळी मी त्याच्यावर गंज-परिवर्तक म्हणून मिळणारे फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले, ते काळसर करडे होऊन सुकले आणि मी त्याच्यावरच इपॉक्सी प्रायमर दिला. चार दिवसांनीही प्रायमर नखाने उकरता येत होता. इपॉक्सीचा हार्डनर अल्कधर्मी असतो आणि खाली उरलेले आम्ल त्याला निकामी करते. शिकवताना हे दहा वेळा सांगितलेले असूनही हातून घडले. आम्ल वापरायचेच असेल तर भरपूर पाण्याने धुऊन, लगेच सुकवून, पुन्हा कागद मारल्याशिवाय इपॉक्सी देऊ नये. त्याहून चांगले म्हणजे गंज मुळातून काढावा आणि आम्लाची गरजच ठेवू नये.

तुकडे आठवडाभर पक्के होऊ दिले. मग प्रत्येकावर कटरने लोखंडापर्यंत जाणारी फुली मारली आणि पाचही तुकडे मिऱ्या येथील मैत्रिणीच्या गच्चीच्या कठड्याला, समुद्राच्या बाजूने, तारेने बांधले. रोज सकाळी त्यांच्यावर समुद्राचे पाणी शिंपडण्याचे तिने कबूल केले आणि एकही दिवस चुकवला नाही.

12 ऑक्टोबर, दसरा

आमच्याकडे दसऱ्याला या सायकलीची पूजा होते. या वर्षी नुसती चाके आणि हँडल पाटावर ठेवून झेंडू वाहिले. अप्पा काही बोलले नाहीत, परंतु फ्रेम टांगलेली होती तिथे जाऊन तिलाही त्यांनी कुंकू लावले.

10 नोव्हेंबर

तुकडे उतरवले. मोजपट्टी, टेप, पेट्रोलचा बोळा आणि सतरा नंबरचा पाना एवढ्या साधनांनी तपासणी केली.

डब्यातल्या स्प्रेचा निकाल सगळ्यात वाईट लागला. फुलीच्या दोन्ही बाजूंना गंज पसरला होताच, शिवाय जिथे ओरखडाच नव्हता तिथेही टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते, कारण तो थर फारच पातळ असतो. पेट्रोलच्या बोळ्याने तो चक्क पुसला गेला. डुकोचीही तीच गत झाली. चकाकी सुंदर, पण थिनरने विरघळणारा रंग सुकल्यानंतरही थिनरने विरघळतोच. सायकलीवर वंगण, चेनचे तेल आणि पेट्रोलचे फडके यांचा हात रोज फिरतो, त्यामुळे हे दोन्ही मी बाद केले.

रेड ऑक्साइड आणि एनॅमल या जोडीने माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले काम केले. फुलीपासून गंज तीन मिलिमीटर सरकला होता, आणि रंग मऊ असल्यामुळे पाना पडल्यावर टवका उडाला नाही, नुसती खोक पडली. ज्यांच्याकडे फवारणीची सोय नाही त्यांनी निगुतीने घासून, पातळ हात देऊन आणि प्रत्येक हातानंतर आठवडाभर थांबून हा मार्ग घ्यायला हरकत नाही. मात्र दर दोन वर्षांनी डागडुजी करावी लागेल.

पावडर कोटिंगचा तुकडा मी सर्वांत जास्त वेळ पाहत बसले, कारण काम सुरू करताना माझे मन त्याच्याच बाजूने होते. मीटरभर उंचीवरून पाना टाकला तरी त्याच्यावर ओरखडासुद्धा आला नाही. पेट्रोलचा काही परिणाम झाला नाही. परंतु फुलीच्या टोकाशी नख घातले तर रंग सालीसारखा सोलून आला आणि त्याखाली सहा मिलिमीटरपर्यंत तांबूस पाणेरी गंज पसरलेला होता. वरून पाहणाऱ्याला तो दिसला नसता. जाड, चिवट आणि एकसंध थर ही पावडरची ताकद आहे; पण खाली प्रायमर नसेल तर एकदा टवका गेल्यावर खारे पाणी त्याच थराच्या आडोशाला राहते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कोरड्या हवेत, सोलापूर किंवा जालन्यासारख्या ठिकाणी, मी डोळे मिटून पावडर कोटिंगच केले असते.

इपॉक्सी आणि पी. यू. या जोडीवर फुलीपासून गंज एक मिलिमीटरहून कमी सरकला होता. टेप चिकटवून ओढली तर काही निघाले नाही. पाना पडला तिथे मुगाएवढा टवका उडाला, पण तो फक्त वरच्या काळ्या रंगाचा होता, आतला करडा प्रायमर लोखंडाला धरून होता. निर्णय घेण्यास मला हे एकच दृश्य पुरेसे झाले. आपल्या हातून सायकल पडणार, स्टँड घासणार, कुलपाची साखळी आपटणार. तेव्हा रंग ओरखडेल की नाही यापेक्षा ओरखडल्यावर खाली काय राहते आणि ते घरच्या घरी दुरुस्त करता येते की नाही, हे किनाऱ्यावर अधिक महत्त्वाचे आहे. पी. यू.चा टवका ब्रशने भरता येतो. पावडर पुन्हा भट्टीत गेल्याशिवाय भरत नाही.

16 नोव्हेंबर

तरीही पावडरला न्याय मिळावा म्हणून दोन कारखान्यांत चौकशी केली. पावडरखाली इपॉक्सी पावडरचा अस्तर थर देता येतो, परंतु एकट्या फ्रेमसाठी तो देण्यास दोघांनीही नकार दिला. भट्टीच्या सुमारे 180 ते 200 अंश उष्णतेने फ्रेमचे सांधे सुटतील अशी भीती काहींना वाटते. तशी भीती नाही, कारण सांध्यांची पितळी झाळ वितळायला 850 अंशांच्या वर उष्णता लागते. खरी अडचण दुसरी आहे. तिथे माल रंगवण्यापूर्वी सात टाक्यांतून काढतात आणि त्यांतली एक टाकी आम्लाची असते. पत्र्याच्या कपाटाला ते ठीक आहे, पण सायकलीच्या नळ्यांना सांध्यांजवळ बारीक छिद्रे असतात, त्यांतून आम्ल आत शिरते आणि धुण्याच्या पाण्याने पूर्ण निघत नाही. ज्यांना पावडरच करायची आहे त्यांनी टाकीत न बुडवता ब्लास्टिंग करून, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून गंज आणि रंग उडवून, देण्याचा आग्रह धरावा. नळ्या जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यांत विजेच्या भाराने ओढली जाणारी पावडर नीट पोहोचत नाही, तेही आधी बोलून घ्यावे.

30 नोव्हेंबर

दुसरे मोठे अपयश. भावाच्या पिकअपमधून फ्रेम, चिमटा, चेनकव्हर आणि मडगार्ड घेऊन पहाटे आंबा घाटाने कोल्हापूरला गेलो. ब्लास्टिंगवाल्यांनी वाळूऐवजी गार्नेटचे बारीक कण वापरले; सिलिकाची वाळू फुफ्फुसांना घातक असते आणि ती वापरणाऱ्याकडे मी काम दिले नसते. अर्ध्या तासात फ्रेम अशी निघाली की तिचा रंग मी जन्मात पाहिला नव्हता, एकसारखा राखाडी, मखमली. सांध्यांच्या कडा, झाळीच्या पितळी रेषा आणि बी. बी.वर ठोकलेले आकडे प्रथमच स्पष्ट दिसले. उघड्या हाताने स्पर्श करू नका, घामाचे डाग उठतील, असे त्यांनी बजावले.

चूक पुढे झाली. दोन ठिकाणची कामे आटोपून आम्ही संध्याकाळी परत निघालो. घाटात धुके होते, पिकअपवर ताडपत्री होती तरी हवा ओली होती, आणि रात्री घरी पोहोचून दिवा लावला तेव्हा संपूर्ण फ्रेमवर केशरी झाक चढली होती. ब्लास्टिंग केलेले लोखंड चार तासांच्या आत झाकावे असा नियम मी वाचलेला होता, आणि किनाऱ्याच्या हवेत ते चार तासही मिळत नाहीत. डिझेलचे 2,200 आणि ब्लास्टिंगचे 700 रुपये गेले. भावाने पुढच्या शनिवारी पुन्हा येतो असे आपणहून सांगितले, म्हणून काम पुढे सरकले.

7 डिसेंबर, कोल्हापूर

या वेळी प्रायमर, हार्डनर, थिनर आणि फवारणीची गन बरोबरच नेली. ब्लास्टिंगवाल्यांकडे कॉम्प्रेसर असतोच. त्यांच्याशी आधी फोनवर बोलून आवारातला एक कोपरा मागून घेतला होता. हलके ब्लास्टिंग दुसऱ्यांदा झाले, त्याचे त्यांनी 500 च घेतले.

बी. बी.च्या दोन्ही तोंडांत जुने कप आट्यांसकट फिरवून बसवले होते आणि हँडलच्या नळीला लाकडी बुचे ठोकली होती, म्हणजे आटे आणि छऱ्यांच्या जागा खराब होत नाहीत. तरीही नळ्यांतून मूठभर गार्नेट निघाले. हवेच्या नळीने प्रत्येक छिद्र फुंकून, फ्रेम उलटी करून, ठोकून पुन्हा फुंकले. हे कण पुढे छऱ्यांत गेले तर कप महिन्याभरात झिजतील, म्हणून इथे घाई करू नये.

ब्लास्टिंग संपल्यापासून चाळीस मिनिटांत प्रायमरचा पहिला हात पडला. सांध्यांच्या धारदार कडांवरून कोणताही ओला रंग मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो, म्हणून फवारणीपूर्वी त्या कडांवर, बी. बी.च्या खालच्या बाजूला आणि मागच्या चाकाच्या खोबणींवर ब्रशने एक जास्तीचा हात दिला. दुपारी हवा कोरडी होती. प्रायमर तासाभरात हाताला लागेनासा झाला आणि दुसरा हात देऊन आम्ही निघालो. घाटातल्या धुक्याची या वेळी भीती नव्हती.

12 डिसेंबर

ब्लास्टिंगने गंजाचे खड्डे उघडे पडले होते, विशेषतः दांड्याच्या खालच्या बाजूला. त्यांत लांबी (पुट्टी) भरली. लांबी उघड्या लोखंडावर न भरता प्रायमरवर भरली, कारण ती ओल शोषते आणि लोखंडाला चिकटून राहिली तर गंजाला तिथूनच सुरुवात होते. मग 320 आणि 400 नंबरच्या वॉटर पेपरने सर्व फ्रेम घासली. प्रायमर देऊन तीन दिवसांहून जास्त गेले तर घासल्याशिवाय वरचा रंग धरत नाही असे डब्यावर छापलेले आहे. दोन ठिकाणी घासण्याच्या भरात प्रायमर पार करून लोखंड दिसले. तिथे पुन्हा प्रायमर दिला. तीन संध्याकाळी गेल्या, आणि संपूर्ण कामात माझ्या मते याच तीन संध्याकाळींनी रंगाचे रूप ठरवले.

15 डिसेंबर

पी. यू. रंगाची फवारणी आमच्या आळीतल्या गॅरेजच्या रंगाऱ्याने केली. मी स्वतः केली नाही, आणि ज्यांनी पूर्वी गन धरलेली नाही त्यांनीही करू नये असे मला मनापासून सांगायचे आहे. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीराला त्याचे वावडे झाले की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. रंगारी तोंडाला रुमाल बांधून उभा राहिला तेव्हा मी काम थांबवले. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हा खरा उपाय आहे. तो मिळाला नाही, म्हणून सेंद्रिय वाफांसाठीची नवी काडतुसे बसवलेला मुखवटा 1,900 रुपयांना आणला होता तो त्यांना घालायला लावला, फवारणी उघड्या अंगणात वारा पाठीशी घेऊन केली, आणि बाकी सर्वांना घरात पाठवले. मुखवटा मी त्यांच्याकडेच ठेवला आहे.

वेळ साडेअकराची निवडली. आर्द्रतामापकावर 31 अंश आणि 55 टक्के दिसत होते, म्हणजे दव जमण्याच्या तापमानापेक्षा लोखंड जवळजवळ दहा अंश गरम होते. निदान तीन अंशांचे अंतर असावे लागते. पी. यू.ला ओल सोसत नाही, कारण हार्डनर पाण्याशी संयोग पावला की वायू सुटतो आणि रंगात सुईच्या टोकासारखी छिद्रे पडतात. रंग आणि हार्डनर चारास एक, काचेच्या मापाने मोजून घेतले. अंदाजाने ओतू नये. हार्डनर कमी पडला तर रंग कधीच पक्का होत नाही.

पहिला हात अगदी पातळ, नुसता धुके बसावे तसा, आणि पंधरा मिनिटांनी दोन भरीव हात. चिमट्याच्या आतल्या बाजूला एक ओघळ आला. रंगाऱ्याने तो ओला असताना पुसायला घेतला होता, मी थांबवले.

22 डिसेंबर

ओघळ आठवड्यात कडक झाला. 1000 नंबरच्या कागदाने, खाली लाकडी ठोकळा धरून, तो सपाट केला. त्यानंतर पाट्या रंगवणाऱ्या एका वयस्क कलाकारांना बोलावले आणि ट्रेसिंग कागद त्यांच्यापुढे ठेवला. लांब केसांच्या ब्रशने, करंगळी नळीवर टेकवून, त्यांनी दांड्यावरची पूर्ण रेघ एका श्वासात ओढली. अप्पा खुर्ची घेऊन समोर बसले होते. बारीक रेघ मूळच्यापेक्षा किंचित दूर पडते आहे हे त्यांनीच दाखवून दिले, आणि ती ओली असतानाच पुसून पुन्हा ओढली गेली. रेघा दोन दिवस सुकल्यावर वरून पी. यू. क्लिअरचे (पारदर्शक रंगाचे) दोन हात देऊन त्या झाकल्या.

29 डिसेंबर

नळ्यांच्या आतल्या भागाकडे आज लक्ष दिले. गंज रोखण्यासाठी आत सोडायचे जवसाचे तेल रंगाच्या आधी घातले असते तर त्याच्या अंशाने रंगात खळगे पडले असते, म्हणून ते शेवटी. उकळलेले जवसाचे तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सीटच्या नळीतून आणि बी. बी.च्या छिद्रांतून आत सोडले, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवली आणि जास्तीचे तेल रात्रभर निथळू दिले. ते आतून सुकून पातळ कातडी धरते. तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळे करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती पाण्याच्या बादलीत बुडवून नंतर उन्हात पसरली. बी. बी.च्या तळाला पाच मिलिमीटरचे भोक रंगवण्यापूर्वीच पाडून घेतले होते. 1968 पासून साचत आलेल्या पाण्याला आता वाट आहे.

5 जानेवारी 2025

सायकल जोडली. नव्या कॉटर पिना, नवे छर्रे, भरपूर ग्रीस. बी. बी.च्या आट्यांत रंग नसल्यामुळे कप हाताने फिरले. ब्रेकच्या सळया जिथे चिमट्याला घासतात तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले.

खर्चाचा हिशेब : पेंट रिमूव्हर 480, नमुन्याचे तुकडे आणि त्यांचे रंग 650, मुखवटा 1,900, आर्द्रतामापक 380, दुसरे ब्लास्टिंग 500, दुसऱ्या खेपेचे डिझेल 2,200, इपॉक्सी प्रायमर 1,050, पी. यू. काळा आणि क्लिअर मिळून 1,950, थिनर 400, रंगाऱ्याची मजुरी 1,500, रेघांचे 400. हे झाले 11,410. माझ्या चुकांचे, म्हणजे ऑगस्टमधला रंग आणि पहिली कोल्हापूरची खेप, 4,040 वेगळे. एकूण 15,450 रुपये. ज्यांच्या गावातच ब्लास्टिंगची सोय आहे आणि जे नमुने न करता थेट या पद्धतीने जातील त्यांचे काम साडेआठ हजारांच्या आसपास व्हावे.

20 जुलै 2025

पावसाळा अर्धा झाला. सायकल रोज बाहेर असते. सकाळी मी कॉलेजला नेते आणि संध्याकाळी अप्पा तिच्यावरून मांडवीपर्यंत जाऊन येतात. आज ती उलटी करून भिंगाने तपासली. बी. बी.च्या भोकातून थेंबभर स्वच्छ पाणी आले, लाल नव्हते. सांध्यांच्या कडा, जिथून पूर्वी पहिला पापुद्रा उचलला जाई, तशाच काळ्या आहेत. मागच्या चाकाजवळ स्टँड लागून तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला आहे आणि त्यात करडा प्रायमर दिसतो, गंज नाही. तेवढी जागा 400 च्या कागदाने घासली, थिनरने पुसली, आणि पाऊस दोन तास उघडला तेव्हा औषधाच्या ड्रॉपरने मोजून, चार थेंब रंगाला एक थेंब हार्डनर मिसळून, रेघांच्या ब्रशने टवका भरला. रात्रभर सायकल पडवीत दिव्याखाली ठेवली आहे.